वजा सेकंद

अगं जाऊबाई,

हे तुला न विचारता लिहिते आहे. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "ताई, माझ्याबद्दल काय लिहायचं? मी असं काय केलंय?" आणि मग कागद मागवून घेऊन ओळीओळीला अडवलं असतंस, हे नक्की का, हे कशावरून, असं कोण म्हणालं. तुझ्या नाक्यावर रांगेत उभं राहायचं माझं वय आता राहिलं नाही. तेव्हा तू तिकडे लेकीच्या घरी नातवाला बागेत फिरवून आण, तेवढ्यात मी इकडे सगळं सांगून टाकते. चुकलं तर फोन करून भांड. फक्त टोपलीचा विषय तू काढू नकोस. त्यावर मी शेवटी येणारच आहे.

तर वाचणाऱ्यांनो, ही माझी धाकटी जाऊ. तोंडावर ‘तू तू’ करत कौतुक करणं मला जमत नाही, म्हणून परक्या बाईची सांगावी तशी तिची गोष्ट सांगते. त्यात एक थोरली जाऊही येईल. ती कोण ते सांगायला नको.

चार माणसांत बसली तर धाकटीकडे कुणाचं लक्ष जायचं नाही. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. केस पिकले तसे पिकू दिलेले, चष्मा गळ्यात दोरीला. पण समोर कुणी ‘जरा’, ‘थोडंसं’, ‘आलोच’ असं काही बोललं की तो चष्मा नाकावर चढायचा. नवरा जिन्यातून ओरडायचा, "पाच मिनिटांत आलो गं!" की ही दारात उभी.

"पाच म्हणजे किती?"

"पाच म्हणजे पाच. अधिक तुझी चौकशी."

हे आईकडून आलेलं. आई एका शाळेत शिपाई होती आणि घंटा देण्याचं काम तिच्याकडे होतं. शेवटच्या तासाला एखादे मास्तर खिडकीतून मान काढून हळूच म्हणायचे, "बाई, आज जरा लवकर द्या." आई घंटेचा हातोडा हातात तसाच धरून विचारायची, "जरा म्हणजे किती, ते सांगा." मास्तर मान आत घ्यायचे. धाकटी पायरीवर बसून अभ्यास करता करता हे ऐकायची. पुढे ती इंजिनियर झाली, पण मनाने त्या पायरीवरून उठली असं काही थोरलीला कधी वाटलं नाही.

ज्या कंपनीत तिने सारी नोकरी काढली ती कंपनी बिनपडद्याच्या यंत्रांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवते. लिफ्ट, भट्ट्या, पंप, कपडे धुण्याची अवाढव्य यंत्रं. यांना ना स्क्रीन, ना कीबोर्ड, पण पोटात एक चिमुकला संगणक असतो. त्या सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नेल. मोठ्या घरात कारभारी असायचा ना, सगळ्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, तसा हा. प्रोग्रॅम कितीही दीडशहाणा असो, त्याला घड्याळाला हात लावायची मुभा नाही. त्याने कारभाऱ्याला सांगायचं, "मी डुलकी काढतो, एवढ्या वेळाने उठव." कारभारी बरोबर तेवढ्या वेळाने घंटा वाजवतो. आता ‘एवढ्या वेळाने’ हे दोन आकड्यांत सांगायची रीत आहे: पुरते सेकंद किती, आणि वर सेकंदाचा तुकडा किती. धाकटीचं काम म्हणजे हे दोन आकडे आत घेण्याआधी पारखणं. सेकंद वजा नसावेत. तुकडा एका पुऱ्या सेकंदाएवढा किंवा त्याहून मोठा नसावा. संपलं.

"एवढंच?" थोरलीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं. "एवढ्यासाठी तुला रोज डबा घेऊन जावं लागतं?"

"हो, ताई."

"आणि तुकडा मोठा असला तर काय बिघडतं? मला कुणी म्हणालं, एक तास नव्वद मिनिटांनी येतो, तर मी अडीच तास धरते."

"तुम्ही धरता. पण त्या माणसाच्या मनात काय होतं? त्याला कदाचित नऊ मिनिटं म्हणायचं असेल."

"मग नऊ धरीन."

"बघा, एका माणसाला तुम्ही दोन उत्तरं दिलीत. कारभाऱ्याने तसं करून भागत नाही."

थोरली वाद सहसा हरत नाही, पण त्या दिवशी गॅसवर भाजी करपत होती.

धाकटीचं ऑफिस गालिच्यांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात लोकरीचा वास, आणि वर गेलं की भिंतभर फळ्या. त्या फळ्यांवर पोस्टकार्डाएवढे हिरवे बोर्ड, वायरींनी एकमेकांना जखडलेले, आपापले दिवे मिचकावत बसलेले. सिस्टिममध्ये काही बदल केला की आधी या बोर्डांवर चालवून बघायचा. धाकटीची खुर्ची खिडकीशी. खुर्चीवर थोरलीने विणलेली उशी. बदल कुणाचाही असो, त्यात वेळेचा आकडा असला की तो तिच्या टेबलावरून जायचा आणि बहुतेक वेळा परत यायचा. म्हणून तिचं नाव पडलं जकातनाका. ते घरी तिच्या नवऱ्याने आणलं आणि घरभर वाटलं.

गोष्ट सुरू होते ती मात्र एका धुलाईयंत्रापासून.

एका मोठ्या धुलाईकेंद्रातून तक्रार आली. यंत्र पाणी भरून, दाराला आतून कुलूप घालून गप्प बसलंय. आत एका अख्ख्या हॉटेलच्या चादरी. शेवटी कुणीतरी वायर उपटली तेव्हा दार उघडलं. शोधता शोधता कळलं ते असं: प्रोग्रॅमने हिशेब केला की ठरलेल्या वेळेतून आत्ताची वेळ वजा केली की उरलं किती. मधे त्याला काही कारणाने उशीर झाला होता, म्हणून उरले वजा दोन सेकंद. त्याने बिनदिक्कत सांगितलं, वजा दोन सेकंदांनी उठव. आणि कर्नेलकडे वेळ मागायच्या दाराशी जो आकडा लिहून घ्यायचा खण होता, त्याला वजाचं चिन्हच माहीत नव्हतं. त्याने वजा दोनचा जो आकडा वाचला तो इतका मोठा, की सूर्य विझला तरी यंत्राची डुलकी संपली नसती.

धाकटीने मग सगळी दारं तपासली. कारण वेळ मागायचं दार एकच नव्हतं, पाच-सहा होती, आणि प्रत्येक दार वेगळ्या माणसाने वेगळ्या काळात बसवलेलं. एका दाराशी वजा म्हणजे शून्य. दुसऱ्या दाराशी वजा म्हणजे युगानुयुगं. तिसरं दार गुपचूप वजाचं चिन्ह पुसून टाकायचं. कारभारी एक आणि तोंडं सहा! तिला ते इतकं लागलं की घरी येऊन जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपण लोकांना इतकी वर्षं खोटं सांगत होतो."

"मी तर खरंच बोलतो," नवरा म्हणाला. "पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं."

तिने सगळ्या दारांवर एकच पहारा बसवला. आकडा सरळ असेल तर आत, वाकडा असेल तर ‘व्हॅल्यू चुकीची आहे’ असं उत्तर देऊन परत. आणि ती काही आततायी बाई नव्हे. लगेच दार लावलं नाही. आधी वर्षभर नुसती सूचना दिली: वाकडा आकडा आला की तो पूर्वीसारखाच घ्यायचा, पण यंत्राच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या पोटातल्या नोंदवहीत, एक ओळ लिहायची, की या प्रोग्रॅमची व्हॅल्यू चुकीची आहे, पुढच्या आवृत्तीपासून ती परत केली जाईल. वर्ष गेलं. एकाचीही तक्रार नाही. मग तिने समाधानाने दार लावलं, आणि ती आवृत्ती यंत्रायंत्रांत गेली.

आणि एका हॅचरीतली अंडी फिरायची थांबली.

हे थोडं समजावून सांगायला हवं. कोंबडी अंड्यांवर बसते तेव्हा ती सारखी चोचीने अंडी उलटवत असते. हॅचरीत कोंबडी नसते, कपाटाएवढं यंत्र असतं. ते ऊब देतं आणि तासातासाला अंड्यांचे ट्रे या अंगावरून त्या अंगावर कलते करतं. तसं केलं नाही तर आतला जीव कवचाला चिकटतो आणि मरतो. या यंत्राचा प्रोग्रॅम कधीमधी वजा आकडा पाठवायचा. जुनं दार तो शून्य धरून लगेच घंटा वाजवायचं, ट्रे हलायचे. नव्या दाराने नियमाप्रमाणे सांगितलं, चुकीची व्हॅल्यू, परत जा. आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने उत्तर ऐकायची तसदीच घेतली नव्हती. उठवणार कोण याची खात्री न करता तो खुशाल झोपला. लावलीच नव्हती ती घंटा वाजायची वाट बघत.

प्रमुखांनी धाकटीला आत बोलावलं. प्रमुख वयाने तिच्याहून लहान, तिला मॅडम म्हणणारे, आणि खरोखर मान देणारे.

"मॅडम, तुमची तपासणी काढून टाकावी लागेल."

"प्रोग्रॅम चुकीचा आहे."

"आहे."

"एक तर वजा आकडा पाठवतो. वर आपण नाही म्हटलेलं ऐकतसुद्धा नाही!"

"सगळं कबूल. पण काल चालत होतं, आज चालत नाही, आणि मधे फक्त आपण आलो. ती हॅचरीवाली बाई हाताने दांडा फिरवून अंडी कलती करतेय म्हणतात. कितीशी करेल?"

"तपासणी काढली तर धुलाईयंत्र पुन्हा अडकेल. उद्या एखादा पंप अडकेल. तो कशाचा असेल सांगता येत नाही."

"आणि ठेवली तर अंडी मरतील. अशी यंत्रं अजून कुठे कुठे आहेत तेही आपल्याला माहीत नाही." प्रमुखांनी डोळे चोळले. "परवापर्यंत थांबतो. दुसरं काही सुचलं तर सांगा. नाहीतर परवा काढतो."

त्या संध्याकाळी धाकटी घरी आली ती पर्स खांद्याला तशीच ठेवून स्वयंपाकघरात बसली. नवऱ्याने वातावरण हलकं करायला म्हटलं, "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं!" तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. थोरली खालच्या मजल्यावर राहायची. जिन्यात वरून नेहमीची वादावादी ऐकू आली नाही, तेव्हा तीच वर आली.

"काय झालंय? भावजी झाडांना पाणी घालतायत. म्हणजे काहीतरी मोठं दिसतंय."

धाकटीने सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी सूचना दिली होती, ताई. वर्षभर दिली होती. एकाने चकार शब्द काढला नाही. आता चोर सोडून मला फाशी."

"सूचना कुठे दिली होतीस?"

"लॉगमध्ये. स्वच्छ शब्दांत."

"त्या अंड्यांच्या यंत्राला स्क्रीन असतो?"

धाकटीने खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली.

"म्हणजे यंत्राच्या पोटात चिठ्ठी टाकलीस, आणि कुणी वाचली नाही म्हणून रुसून बसलीस?"

बाल्कनीतून हसण्याचा आवाज आला आणि लगेच खोकल्याचा.

"उद्या सुट्टी टाक," थोरली म्हणाली. "आपण जाऊ."

"कुठे?"

"अंडी बघायला. सबंध जन्म त्या आकड्यांना अडवत बसलीस. पाठवतं कोण, ते एकदा डोळ्यांनी बघ तरी."

कर्नेलवाली माणसं यंत्र बघायला जात नाहीत. ते यंत्रवाल्यांचं काम. धाकटीने हे गाडीत बसेपर्यंत दोनदा सांगितलं. थोरलीची गाडी जुनी आणि थोरलीचं चालवणं घाईचं. धाकटीने दारावरचा दांडा घट्ट धरला होता.

"ताई, पाटीवर चाळीस लिहिलंय."

"ती ट्रकांसाठी."

"तसं कुठे लिहिलंय?"

"तू लॉग वाच, मला गाडी चालवू दे."

गावाबाहेर, गोदामांच्या रांगेच्या टोकाला पत्र्याची शेड होती. दारात जंतुनाशक पाण्याचा उथळ हौद, त्यात पाय बुडवून आत जायचं. आत नुकतीच कुणी अंघोळ करून गेल्यासारखी गरम, दमट हवा. कपाटासारखी यंत्रं ओळीने, काचेच्या खिडकीतून कलते ट्रे दिसत होते. एका कोपऱ्यात पोत्यावर अंथरूण, त्यावर कुणीतरी पालथं झोपलेलं. हॅचरीवाली अंगाने भक्कम, बाह्या वर सारलेल्या, उजव्या तळव्याला पट्टी बांधलेली.

"कंपनीच्या का? बरं झालं आलात," ती म्हणाली. "हात धुवा, चपला बदला, आणि हा दांडा धरा. मी दोन घास खाऊन घेते."

"आम्ही फक्त बघायला..."

"बघत बघत फिरवा."

धाकटीने दांडा फिरवला. आत ट्रे कुरकुरत डावीकडून वर यायला लागले.

"हळू! अंडी आहेत बाई, विहीर नाही ती."

खाता खाता हॅचरीवालीने सांगितलं. दुपारी बघितलं तर ट्रे डावीकडे कललेले. संध्याकाळी बघितलं, डावीकडेच. म्हटलं योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, पुन्हा डावीकडेच. अंडी दिव्यासमोर धरून पाहिली तर एका यंत्रातली बरीचशी गेलेली. बाकीच्यांचं काय होईल ते पिल्लं निघतील तेव्हा कळेल. तेव्हापासून ती आणि तिची नणंद आळीपाळीने दांडा फिरवत होत्या. पोत्यावर पालथी झोपली होती ती नणंद.

"बंद करून पुन्हा चालू केलं नाही?" धाकटीने विचारलं.

"केलं की. चालतं, आणि परत थांबतं. त्याच्या मनात येईल तेव्हा."

यंत्राच्या मनात काही येत नसतं. धाकटी दांडा सोडून यंत्राभोवती फिरायला लागली. तेवढ्यात हॅचरीवालीने एका यंत्राचं दार उघडलं आणि पायाने एक वीट सरकवून त्याला टेकवली.

"हे काय?"

"वीट."

"ते दिसतंय. दार का उघडं ठेवलं?"

"दुपारी जास्त तापतं. मग दार जरा उघडं टाकते. दार उघडं असलं की ट्रे हलत नाहीत. कुणाचा हात अडकू नये म्हणून तशी सोय आहे यात."

"किती वेळ उघडं असतं?"

"जरा वेळ."

चष्मा नाकावर चढला. "जरा म्हणजे किती?"

हॅचरीवालीने विचार केला. "माझा चहा होईपर्यंत. तो कधीकधी लांबतो. ही बोलायला लागली की." तिने पोत्याकडे हनुवटी उडवली. पोत्यावरून आवाज आला, "मी नाही, तूच बोलत बसतेस!"

धाकटी एका उलट्या क्रेटवर बसली. दार उघडं आहे, प्रोग्रॅम थांबून आहे. बाहेर चहा चाललाय. ट्रे फिरवायची वेळ येते, आणि निघून जाते. मग वीट निघते, दार लागतं, आणि प्रोग्रॅम हिशेब करतो, किती वेळ उरला? उरलेला नसतोच. म्हणून वजा. आयुष्यभर तिने तो वजा आकडा पाहिला होता, बोर्डांवर, कागदांवर, दुसऱ्यांच्या चुकांमध्ये, आणि दर वेळी तो तिला अंगणात कुणी कचरा टाकावा तसा वाटला होता.

"ताई," ती म्हणाली, "तो उशिरा आलाय हो."

"कोण?"

"आकडा. नव्वद मिनिटंवाल्याचं बोलणं कळत नाही, त्याला परत पाठवायलाच हवं. पण हा धापा टाकत आलाय. याचं काय म्हणणं आहे ते न सांगता कळतं. वेळ टळून गेलीय, आत्ताच्या आत्ता ट्रे फिरवा."

"मग घ्यायचं की आत! उशीर झाला म्हणून दारातून परत पाठवते होय कुणी?"

"सगळ्या दारांनी आत घ्यायचं, आणि लगेच घंटा द्यायची. खण बदलायचे, म्हणजे युगंबिगं होणार नाहीत." धाकटी उठली. "तुकड्याचं मात्र मी कुणाचं ऐकणार नाही."

"तुझं सुंभ जळलं तरी पीळ जळायचा नाही," थोरली म्हणाली. पण तिने दांडा स्वतःच्या हातात घेतला होता, आणि हॅचरीवाली तिलाही ओरडत होती, हळू म्हणून.

धाकटीने हॅचरीवालीला सांगितलं की नवीन आवृत्ती येईपर्यंत वीट लावू नका. तापलं तर दार उघडा, पण चहा नंतर प्या. उशीर झालाच तर बंद करून चालू करा. हॅचरीवालीने वीट उचलून शेडच्या बाहेर फेकली. मग यंत्र बंद करून चालू केलं, आणि चौघीजणी काचेशी उभ्या राहिल्या, नणंदही उठून आली. बराच वेळ काही झालं नाही. मग आत मोटार गुरगुरली आणि ट्रे आपले आपण उजवीकडे कलले. हॅचरीवालीने पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात धरला आणि खाली बसली.

निघताना तिने एक टोपली आणली. वेताची, कडेला लाल दोरा गुंफलेली, तळाला पेंढा आणि त्यावर घरच्या कोंबड्यांची अंडी. "ही खायची आहेत, उबवायला ठेवू नका," ती म्हणाली. "टोपली तेवढी परत आणून द्या, माझ्या आईच्या हातची आहे. घाई नाही."

"रविवारी आणून देतो," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धाकटी प्रमुखांसमोर उभी राहिली. तपासणी काढणार नाही म्हणाली, पण बदलते. बदलाखाली दर वेळी कारण लिहायचं असतं, ते तिने स्वतःच्या नावाने लिहिलं: उशिरा आलेल्या आकड्याला मी चुकीचा ठरवला होता, तो चुकीचा नव्हता. असलं लिहिणं त्या मजल्यावर कुणी फारसं करत नाही. प्रमुखांनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे नाका राहणार."

"राहणार."

"आणि पुढच्या वेळी सूचना कुठे द्यायची?"

"मी फोन करीन," धाकटी म्हणाली. "यंत्रं बनवणाऱ्या एकेकाला." आणि खरोखर केले. चार शब्दांवर पाचवा न बोलणारी बाई, घसा बसेपर्यंत परक्या माणसांना विचारत राहिली, तुमचं यंत्र वेळ कशी मागतं हो? निम्म्यांना वाटलं की ही काहीतरी विकतेय.

बदल आधी फळ्यांवरच्या बोर्डांवर गेला. तिने मुद्दाम वजा आकडे पाठवले, एकेका दाराने. सगळीकडे घंटा तिथल्या तिथे. मग तो यंत्रांत गेला.

काही दिवसांनी हॅचरीवालीचा फोन आला, धाकटीच्या घरी, सकाळी. बोलली काहीच नाही, नुसता फोन यंत्राजवळ धरला. पलीकडून चिवचिवाट, एकावर एक, थांबेचना. धाकटी स्वयंपाकघरात उभ्याने ऐकत होती. नवरा चहाचा कप घेऊन तिच्या तोंडाकडे बघत होता. मग अर्थात तिने विचारलं, "किती?"

"पिल्लं? मोजायला सवड कुणाला आहे! या बघायला. आणि टोपली आणा."

तर जाऊबाई, आता पुन्हा तुझ्याशी.

अंडी आपण अर्धी अर्धी वाटून घेतली. टोपली माझ्या फ्रिजवर राहिली, कारण तुझ्या फ्रिजवर भावजींची औषधं होती. पहिल्या रविवारी तुझे फोन चालले होते. दुसऱ्या रविवारी माझी गाडी गॅरेजमध्ये. मग तुझी निवृत्ती, मग लेकीचं बाळंतपण, मग तुम्ही दोघं तिकडेच राहिलात. मधे कधीतरी त्या टोपलीत मी किल्ल्या टाकायला लागले. माझ्या घरात रिकामं भांडं फार काळ रिकामं राहत नाही, तुला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात त्या रस्त्याने गेले होते, दुसऱ्याच कामाला. शेड आहे. दारातला हौद नाही. आत टायर रचलेत, छतापर्यंत. तिथल्या माणसाला विचारलं. म्हणाला, हॅचरी होती खरी, त्या दोघी बायका कुठे गेल्या ठाऊक नाही. टोपली गाडीत नव्हतीच, नाहीतर त्याच्याकडे तरी देऊन आले असते, आणि बरं झालं नव्हती, टायरवाल्याला काय करायची कुणाच्या आईच्या हातची टोपली.

परत येताना सारखं मनात येत होतं. तिने म्हटलं घाई नाही. मी म्हटलं रविवारी, आणि कुठल्या ते सांगितलं नाही. आणि तू शेजारी उभी होतीस. नवऱ्याला, हॅचरीवालीला, आलेल्या प्रत्येक आकड्याला ‘म्हणजे किती’ विचारणारी तू, त्या दिवशी तेवढं एक विचारलं नाहीस. घंटा कुणी लावलीच नाही. आपण दोघी मात्र ती वाजेल म्हणून बसलो.

तिचा नंबर तुझ्या जुन्या फोनमध्ये असेल तर बघ. टोपली धुऊन ठेवली आहे. किल्ल्या काढल्या. तळाशी थोडा पेंढा आहे, तो तसाच ठेवलाय.